मागच्या बाजूचं गाणं

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासानं मी भूमच्या बाजारात जाऊन बसते. तिथल्या बांगडीवाल्या चाचांच्या दुकानात चावीचा फोनो होता आणि त्याला हाच वास यायचा. त्यांच्या एका रेकॉर्डची पुढची बाजू गिऱ्हाइकांनी मागून मागून पार खरखरीत करून टाकली होती. मागच्या बाजूला कुणा बाईचं संथ गाणं होतं. ते माझ्याशिवाय कुणी मागत नसे. लग्नाचा चुडा भरायला आई मला घेऊन गेली, तेव्हा चाचांनी न सांगताच तीच बाजू लावली. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, आणि सासरी फोनो नव्हता. मी मूठ आवळून धरली. "हात ढिला सोड, बेटी," चाचा म्हणाले. मी सोडला न्हाय. कट्‌कन एक हिरवी बांगडी वाढली. आई चिडली, "अगं, आजच्या दिशी तरी नीट बस की!" चाचांनी एकवार माझ्याकडं बघितलं, उठून पुन्हा चावी दिली आणि म्हणाले, "भाभी, पोरीचं हाड लई कडक हाय. टाइम लागंल." आता माझे हात इतके वाळलेत, की बांगडी नुसती टेकवली तरी सरकन आत जाते. तेवढ्यात मनातल्या त्या गाण्याची एक ओळसुद्धा पुरी होत न्हाय.