बिजागरीचा स्क्रू

चूक माझी होती, आणि ती नजरचुकीने झालेली नव्हती. एका शनिवारी दुपारी, बायको आत झोपलेली असताना, बोरिवलीच्या आमच्या घरात डायनिंग टेबलाशी बसून मी गोल्फच्या सरावाच्या काठीचा स्क्रू छोट्या पान्याने दीड फेरा ढिला केला. दुसऱ्या दिवशी ती काठी आठवडाभरासाठी माझ्या साडूकडे जायची होती.

ती काठी दिसायला साध्या गोल्फ क्लबसारखीच आहे, फक्त दांड्याच्या मध्यावर एक बिजागरी आहे. फटक्यासाठी काठी मागे नेताना हाताने घाई केली किंवा मनगट चुकीचं वळलं, की ती बिजागरीत मोडून खाली लोंबते. हात एका लयीत गेला तर सरळ राहते. बिजागरी किती घट्ट ठेवायची ते त्या स्क्रूवर असतं. आमच्या कोचने पहिल्याच दिवशी तो बेताचा बसवून दिला आणि आता याला हात लावू नका, म्हणून बजावलं. साडू सांगितलेलं पाळणारा माणूस आहे. पाना मात्र माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

गोल्फ आमच्या दोघांच्याही घराण्यात कोणी खेळलेलं नाही. मी बँकेत, वरच्या हुद्द्यावर गेल्यावर साहेब लोकांत मिसळता यावं म्हणून गोरेगावच्या रेंजवर जायला लागलो. तिथे हिरव्या मॅटवर उभं राहून टोपलीभर बॉल जाळीकडे मारायचे, बस्स. दोन वर्षांनी साडूला मीच सोबत नेलं. तो मुलुंडला राहतो, औषधांच्या कंपनीत हिशेब बघतो. त्याचे वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडे. लग्नापासून मी त्याला प्रेमानेच वागवलं असं मला वाटायचं. पण त्या प्रेमात मी नेहमी एक पायरी वर उभा असायचो. क्लब कसा धरायचा ते त्याला मी शिकवलं, आणि सगळ्यांसमोर, जरा मोठ्याने शिकवलं.

काठी आली ती सासूबाईंकडून. अधिक महिन्यात जावयांना वाण द्यायचं म्हणून त्यांनी घाटकोपरला दोघांना जेवायला बोलावलं आणि काय हवं ते विचारलं. साडू म्हणाला, चांदीचं निरांजन नको, आम्हाला मिळून एक काठी द्या. सासूबाई हसत सुटल्या. दोन दोन जावई आणि मिळून एक दांडू, विटी कोण आणणार, म्हणाल्या. अनारशांच्या डब्यांबरोबर ती काठीही आमच्या हाती आली. एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे, रविवारी रेंजवर अदलाबदल, असं ठरलं.

महिन्याभरात कळून चुकलं, माझ्या हातात ती दहातून सहा वेळा मोडायची. त्याच्या हातात मोडेनाशी झाली. तो रोज सकाळी कामाला जायच्या आधी बिल्डिंगच्या गच्चीवर पन्नास वेळा ती फिरवायचा, न चुकता. मी रविवारच्या आदल्या दिवशी दहा-पंधरा वेळा फिरवायचो. हे सगळं माहीत असूनही मला वाटायचं, नशीबच त्याचं. रेंजवर त्याचा बॉल उचलून सरळ जायचा, एकामागून एक, जणू दोरी बांधली आहे. आजूबाजूचे लोक आपला फटका थांबवून बघायचे. मीही बघायचो, आणि माझं तोंड कडू व्हायचं. कधीकधी तर त्याचा बॉल वाकडा जावा म्हणून मी श्वास रोखून उभा राहायचो.

एका रविवारी कोचने माझ्या हातात फोन दिला आणि साडूकडे बोट दाखवून म्हणाला, यांचा स्विंग शूट करा, नव्या मुलांना दाखवायचाय. मी शूट केला. तीनदा. हात स्थिर ठेवून. घरी येताना बायको सहज म्हणाली, "तुझ्याआधी तोच शिकला असं वाटतं, नाही का?" पुढच्या शनिवारी मी पाना काढला.

तो आठवडा संपल्यावर साडू रेंजवर आला तो हसतच. "काय रे साडूभाऊ, काठी रुसलीय माझ्यावर. दर वेळी मोडते." कोचला दाखवू का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, कशाला, हसेल तो, तुझा हातच घाई करत असेल. माझ्या आठवड्यात मी स्क्रू चांगला आवळला, काठी झकास फिरवली आणि व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी ताबडतोब शाबासकीचा अंगठा पाठवला. साडूनेही लिहिलं, मानलं तुला. शनिवारी मी स्क्रू पुन्हा ढिला केला. हे असं दोन महिने चाललं. दर वेळी वाटायचं, ही शेवटची.

त्याचा स्विंग खरोखरच बिघडत गेला. काठी मोडू नये म्हणून तो अंग आखडून, दांडा आवळून धरायला लागला. रेंजवर त्याचे बॉल मॅटपुढे चार हातांवर घरंगळायचे. मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू, बरंच वाटायचं.

मग तो रविवारी बसने यायला लागला. स्कूटर का नाही, असं मी विचारलं तर म्हणाला, लिंक रोडवर खड्डे फार. खरं कारण मला बायकोकडून कळलं. तिच्या बहिणीचा फोन आला होता. साडूच्या वडिलांचे हात शेवटची सहा वर्षं थरथरत होते. घास तोंडापर्यंत जायचा नाही, भरवावं लागायचं, आणि ते साडूच करायचा. आता त्याच्या डोक्यात बसलं होतं की तेच आपल्याला सुरू झालंय. चहाचा कप हातात धरून तो बघत बसायचा, हलतोय का म्हणून. स्कूटर सोडली होती. कंपनीत सांगून टाकावं का, असं आपल्या बायकोला विचारत होता. डॉक्टरने सगळ्या तपासण्या करून काही नाही म्हणून सांगितलं, तरी त्याचं एकच: "डॉक्टरला दिसायला वेळ लागतो. काठीला आधी कळतं."

हे ऐकूनही मी आणखी नऊ दिवस गप्प राहिलो. मध्ये एक रविवार आला, तो रेंजवर आलाच नाही. दुसऱ्या रविवारी त्याचा निरोप आला, काठी घेऊन जा, मला आता नको. मी खिशात पाना घालून मुलुंडला गेलो.

तो गच्चीवर होता. काठी कठड्याला टेकवून ठेवलेली. "तूच ठेव आता," म्हणाला, "तुझा हात चांगला बसलाय." मी पाना काढला, स्क्रू कोचने बसवला होता तितका आवळला आणि काठी त्याच्या हातात दिली. म्हटलं, फिरव. तो नको नको म्हणत होता. मग फिरवली. मोडली नाही. पुन्हा फिरवली. चार-पाच वेळा. मग त्याने माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"दोन महिने."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तुझं चांगलं चाललेलं मला बघवत नव्हतं."

त्याने शिवी दिली असती तर सोपं झालं असतं. तो आपला उजवा हात समोर धरून बराच वेळ बघत राहिला. बोटं उघडली, मिटली. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्याने मला थांबवलं. "मला नंतर सांग. खाली जा आणि आधी तिला सांग. दीड महिना ती धड झोपलेली नाही."

मी खाली गेलो. मेहुणी ओट्याशी नारळ खवत होती. भाऊजी, चहा टाकू का, म्हणाली. मी नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, स्क्रूपासून त्या नऊ दिवसांपर्यंत. खवणीवरचा तिचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हणालो, "त्याच्या हाताला काहीही झालेलं नाही. मी त्याच्यावर जळत होतो, म्हणून त्याला फसवलं. आणि तुम्ही दोघं घाबरलात हे कळल्यावरही तोंड मिटून बसलो. मला माफ कर."