अकरा दुरुस्त्या

माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मानसशास्त्राच्या पदवीसाठी कॉलेजात जाऊ लागल्या, तेव्हा घरात कोणी विरोध केला नाही. विरोध करण्याइतके ते कोणाला खरेच वाटले नव्हते. एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्यांचे शिक्षण बारावीवर थांबले होते. मग दोन मुली, सासूबाईंचे लांबलेले आजारपण आणि गल्लीतल्या पाळणाघरातली नऊ वर्षांची नोकरी. पाळणाघर बंद झाले त्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं पोरांना गप्प करत आले. आता ती का रडत होती ते तरी शिकून घेते.”

वर्गात सगळे त्यांना मावशी म्हणत. धाकटी पुतणी त्याच कॉलेजात एक वर्ष मागे होती आणि आवारात आईला ओळख दाखवत नसे.

“आई, तू पहिल्या बाकावर बसतेस. सगळे हसतात.”

“हसू देत. मागून मला फळा दिसत नाही.”

तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप आली. शहराच्या टोकाला असलेल्या एका पुनर्वसन केंद्रात एकशे वीस तास काम करायचे, चार व्यक्तींच्या पूर्ण चाचण्या घ्यायच्या आणि अहवाल लिहायचे. चारही अहवालांवर केंद्रातल्या मॅडमची सही झाली तरच क्रेडिट मिळणार. एक जरी कमी पडला तरी शून्य, आणि पदवीधरांच्या पहिल्या यादीतून नाव गळणार. दादाने हा नियम नीट समजावून घेतला आणि म्हणाला, “बरोबरच आहे. पाऊण पूल बांधून पाऊण पलीकडे जाता येत नाही.”

चाचण्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, दुधी काचेची खिडकी. खालच्या व्यायामाच्या खोलीतून चाकांच्या खुर्च्यांची कुरकुर वर येत असे. भिंतीवर घड्याळ नव्हते. समोरचा माणूस उत्तर शोधायला घड्याळाकडे पाहत बसतो, म्हणून मॅडमनी ते काढून ठेवले होते. मॅडम मोजके बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी वहिनींना बजावले होते, “इथे यजमानीण व्हायचं नाही. शाबासकी नाही, मान हलवणं नाही. लिहायचं पॅड उभं धरायचं, समोरच्याला कागद दिसता कामा नये.”

पहिल्या तीन केसेसना मॅडम खोलीत बसून होत्या. तीनही अहवालांवर सह्या झाल्या. चौथी केस त्यांनी एकट्या वहिनींवर सोपवली.

तो माणूस क्रेन चालवणारा होता. पन्नाशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, आवाज जात्याच मोठा. उंच इमारतींच्या कामावर पंचवीस वर्षे क्रेनच्या पिंजऱ्यात बसलेला हा माणूस सात महिन्यांपूर्वी घरच्याच जिन्यावरून घसरला आणि डोक्याला मार लागला. शरीर सुधारले होते. आता लक्ष आणि स्मरणशक्ती तपासून केंद्राने समाधानकारक अहवाल दिला, तर कंपनी त्याला येत्या एक तारखेपासून पुन्हा वर बसवणार होती. बायको सोबत आली होती. ती बाहेरच्या बाकावर बसली आणि दार लागेपर्यंत आत पाहत राहिली.

चाचणी दीड तास चालली. आकडे ऐकून उलट क्रमाने सांगायचे, चित्रांतला फरक ओळखायचा, असे प्रश्न. उत्तर बरोबर असले की वहिनींनी एक छोटी रेघ मारायची. चुकले की ते चुकलेले उत्तर जसेच्या तसे पूर्ण लिहून घ्यायचे. पुढचा प्रश्न विचारण्याआधी त्या व्यक्तीने आपणहून उत्तर सुधारले, तर सुधारलेले उत्तर धरायचे. क्रेनवाला अधूनमधून म्हणे, “थांबा ताई, चुकलो,” आणि नवे उत्तर देई. गुण चांगले जमले. जाताना नवरा-बायको दोघेही हात जोडून गेले.

शनिवारी अहवाल द्यायचा होता. गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद मांडून वहिनी बेरीज करत होत्या, आणि मध्येच थांबल्या. त्या माणसाने अकरा वेळा उत्तर बदलले होते. अकराही वेळा बदललेले पहिले उत्तर चूकच होते. बरोबर उत्तराला त्याने एकदाही हात लावला नव्हता. खरोखर गोंधळलेला माणूस कधीतरी बरोबर उत्तरही बिघडवून ठेवतो. हा एकदाही घसरला नव्हता.

दादा समोर चहा पीत होता. वहिनींनी पेन्सिल उचलली. “अहो, जरा इकडे लक्ष द्या. मी आकडे सांगते, तुम्ही उलटे म्हणायचे.”

चौथ्या प्रश्नाला दादा हसू लागला. “अगं, तू लिहीत सुटलीस की चुकलं, नुसती रेघ ओढलीस की बरोबर. यात माझी कसली परीक्षा? शाळेत मी मास्तरांच्या भुवया बघूनच वर चढलो.”

वहिनी हसल्या नाहीत. पॅड टेबलावर आडवे होते. परवाही तसेच होते. मॅडम खोलीत नव्हत्या, समोर वयाने मोठा माणूस बसलेला, आणि त्याच्यापुढे हाताने झाकून काही लिहिणे त्यांना अवघड वाटले होते. गावाकडच्या आमच्या माणसांत दारी आलेल्यापासून असे काही लपवणे म्हणजे त्याचा अपमान. सूचना त्यांना पाठ होती; हातांनी मात्र सवयीचे ऐकले होते.

“आई, कोणाला कळणार आहे?” पुतणी म्हणाली. “त्या काकांचं काम होईल, तुझे क्रेडिट होतील.”

“आणि उद्या ते वर बसतील,” वहिनी म्हणाल्या. “खाली माणसं उभी असतात गं.”

शनिवारची वाट न पाहता वहिनी त्याच दुपारी केंद्रात गेल्या. मॅडमनी अकरा खुणा एकेक करून पाहिल्या.

“मला हे कळलं नसतं,” त्या म्हणाल्या.

“नसतंच कळलं.”

“ही केस आज धरता येणार नाही.”

“ठाऊक आहे.”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. या चाचणीचा दुसरा संच होता, पण पहिल्याची सवय पुसट व्हायला सहा आठवडे जाऊ द्यावे लागणार होते, आणि तोपर्यंत क्रेनवाल्याची एक तारीख हुकणार होती. “तुमचं म्हणाल, तर उद्या दुसरा माणूस देते. आठवड्यात अहवाल होईल, पहिल्या यादीत नाव येईल. या माणसाचं पुढचं मी बघेन.”

“त्यांना सांगायचं कोणी?”

“तुम्ही.”

“मग सांगून मध्येच कशी सोडून जाऊ? हीच केस पुरी करते.”

“यादी हुकेल.”

“हुकू दे.” हे त्या चटकन म्हणाल्या खऱ्या, घरी येऊन मात्र पहिल्या यादीची तारीख कॅलेंडरवर पुन्हा एकदा पाहून आल्या.

दुसऱ्या दिवशी क्रेनवाला आणि त्याची बायको आली. वहिनींनी कागद पुढ्यात ठेवला आणि आडवळण न घेता सगळे सांगितले. पेन्सिल, रेघा, अकरा दुरुस्त्या, हुकणारी तारीख.

क्रेनवाल्याचा आवाज चढला. “म्हणजे मी चोरी केली म्हणता?”

“नाही. चूक माझी. झाकायचं ते मी उघडं ठेवलं.”

“वर पिंजऱ्यात काही ऐकू येत नाही, ताई. खाली एक माणूस उभा असतो, त्याचा हात तेवढा दिसतो. त्याचं बोट वाकलं की लोखंड उतरवायचं, मूठ झाली की थांबायचं. पंचवीस वर्षं मी हातच वाचत आलोय. तुमचा हात समोर हलतोय, तो न वाचून कसं चालेल?”

“हात वाचतात,” बायको म्हणाली, “आणि माझा चेहरा काही यांना अजून वाचता येत नाही.”

एरवी तो हसला असता. “मी साइटवर सगळ्यांना सांगून बसलोय, एक तारखेला येतो म्हणून. आता काय सांगू? नापास झालो?”

“नापास नाही. परीक्षा झालीच नाही अजून.”

तो खिडकीकडे तोंड करून बसला. खाली कोणाची तरी चाकाची खुर्ची कुरकुरत गेली. मग तो म्हणाला, पण आवाज आता अगदी खाली आला होता, “आकडे खरंच राहत नाहीत डोक्यात. दोन राहतात, तिसरा निसटतो. डॉक्टरांना मी बोललो नाही.”

“मलाही नाही बोललात,” बायको म्हणाली.

“तुला बोललो असतो तर तू जाऊ दिलं असतंस का?”

“नसतं दिलं.”

“झालं तर.”

त्या दिवसापासून सहा आठवडे तो एकही खेप न चुकवता केंद्रात येत राहिला. निसटणारा आकडा पकडून ठेवण्याचा सराव मॅडमनी आखून दिला, आणि तो करून घेण्याचे काम वहिनींकडे आले: ऐकले की आधी मोठ्याने म्हणायचे, मग लिहायचे, मगच हात हलवायचा. त्याला हा पोरखेळ वाटे. “ताई, शाळेत मी चौथीत पळालो. आता बरे सापडलो तुम्हाला,” तो म्हणे आणि लिही. पदवीधरांची पहिली यादी याच काळात लागली. पुतणीने ती पाहून आईला दाखवली नाही. वहिनींनी विचारलेही नाही.

दुसरा संच मॅडमनी स्वतः घेतला. आकड्यांत तो अजून कमी होता. नजर आणि हात मात्र त्याच्या वयाच्या माणसांत वरच्या पायरीवर होते. कंपनीने विचारले, वर नाही तर खाली उभे राहून इशारे देण्याचे काम त्याला जमेल का? कागदावरून हे सांगता येत नव्हते. म्हणून मॅडम आणि वहिनी, दोघी डोक्यावर पिवळ्या टोप्या घालून बांधकामावर गेल्या आणि अर्धा दिवस एका पत्र्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या.

त्या दिवशी चाचणीपुरते इशारे क्रेनवाल्याकडे दिले होते. कोणता भारा कोणत्या मजल्यावर, हे त्याला वायरलेसवर सांगितले जाई. तो मोठ्याने म्हणे, गळ्यातल्या वहीत लिही आणि मग हात वर करी. क्रेनवर त्यानेच तयार केलेला एक तरुण होता. जेवणाच्या सुट्टीआधी सळ्यांचा एक मोठा भारा हवेत असताना खाली उभ्या क्रेनवाल्याने एकाएकी मूठ आवळली. भारा जागच्या जागी थांबला. तो वहीची पाने उलटू लागला.

“काका, झोप लागली का?” वरच्या मजल्यावरून कोणी ओरडले.

“झोप लागली असती तर मूठ वर राहिली असती का रे? बाजूला हो आणि थांब!”

त्याने वहीतला आकडा पाहिला, वायरलेसवर पुन्हा विचारून घेतला, आणि भारा एक मजला खाली घेतला. बरोबर तिथेच तो हवा होता.

मॅडमनी हलकेच विचारले, “हे थांबणं त्याच्या बाजूने धरायचं की विरुद्ध?”

वहिनींनी घाई केली नाही. “बाजूने. सात महिने ते आपल्याला सगळं आठवतं असं भासवत होते. आज सगळ्यांदेखत थांबले.”

“मग ते वाक्य तुम्हीच लिहा.”

साइटच्या कचेरीतल्या डगमगत्या टेबलावर वहिनींनी चौथ्या अहवालाचा शेवट लिहिला: खात्री नसली की थांबतात आणि विचारून घेतात, इशाऱ्याच्या कामास योग्य, क्रेन चालवण्याबाबत सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. मॅडमनी एक स्वल्पविराम काढला आणि खाली सही केली. चारही अहवाल पुरे झाले, क्रेडिट मिळाले. नाव दुसऱ्या यादीत येणार होते.

क्रेनवाला टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता. “एक तारीख?” त्याने विचारले.

“एक तारीख,” वहिनी म्हणाल्या. “खाली.”

त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. त्याचा आवाज पूर्ववत मोठा झाला होता, आणि पलीकडचा आवाजही खोलीभर ऐकू येत होता.

“वर नाही गं, खाली,” तो सांगत होता. “खाली उभं राहायचं.”

“अहो, मग चांगलंच की,” ती म्हणाली. “पंचवीस वर्षांत दुपारचे कधी घरी जेवायला आला नाहीत. आता तरी याल.”