तीन दारांचं घर

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सत्तरच्या दशकात आमच्या भिवंडीत बेघर माणसाला निवांत बेघर राहण्याची सोय उरली नव्हती. आणि याला सर्वस्वी जबाबदार होते माझ्या बायकोचे मामा. रस्त्यात कुणी आडवा दिसला की मामा त्याला गदागदा हलवून घराची चौकशी करत. एकदा त्यांनी दुपारी आपल्याच ओट्यावर डुलकी घेणाऱ्या एका लूमवाल्या शेठला उठवलं. शेठने मुकाट्याने मागच्या तीन मजल्यांकडे बोट दाखवलं, तर मामा म्हणाले, "भाड्याचं की स्वतःचं?" हिंदीवाल्यांशी ते मराठीत बोलत आणि मराठीवाल्यांशी हिंदीत. त्यामुळे माणूस कान देऊन ऐकतो, असं त्यांचं म्हणणं.

लूमवर सुताच्या कांड्या भरणारी बायजाबाई विधवा होती. दिराने घरातून काढल्यावर ती देवळाच्या ओवरीत राहिली, तिथून उठवल्यावर कारखान्यामागच्या पत्र्याखाली. आता मालकाला तिथेही लूम बसवायचे होते. महिनाअखेर तिचं गाठोडं रस्त्यावर येणार होतं. मामांनी कंबर कसली. एका गावाला जड जातं ते तीन गावांना जमेल म्हणून त्यांनी टेमघरकडून जागा मिळवली, कोनकडून विटा आणि पूर्णाकडून लाकूड-कौलं. फक्त, उत्साहाच्या भरात, चहा पिता पिता तिन्ही गावांना त्यांनी एकच वचन दिलं, की घराचं दार तुमच्याच गावाकडे उघडेल. ज्याने दिलं त्याच्याकडे घराने पाठ करू नये, हा त्यांचा खास नियम.

भिंती कमरेइतक्या आल्या आणि तिन्ही गावची मंडळी आपापलं दार शोधत हजर झाली. कोनवाले विटा परत न्यायला बैलगाडी घेऊनच आले होते. महिना संपत आलेला. मामांनी डोकं खाजवलं आणि गवंड्याला सांगितलं, "भाऊ, तीनो निकालो."

एका खोलीला तीन दारं झाली. वाऱ्याने चूल पेटेना, ट्रंक ठेवायला कोपरा मिळेना. गृहप्रवेशाला तीन सरपंच तीन दारांतून एकदम शिरले आणि मधोमध एकमेकांवर आदळले. सगळे हसले. मामा तेवढे मान खाली घालून उभे. बायजाबाईने तिन्ही दारं एकेक करून उघडून, लावून पाहिली, आणि कुणी काही विचारायच्या आत बोलून गेली, "बरा झाला मामा. आता मना येका दारानं काढली, तं दुसऱ्या दारानं आत येन."