पाव तिकिटाचा प्रवास

रुग्णालयाच्या व्हरांड्यातून एस.टी. चालवणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि ते माझ्या साडूचे थोरले बंधू आहेत. एकतीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण उतरले नाहीत. वडीगोद्रीहून रोज सकाळी ते जालन्याला येतात आणि एका रुग्णालयात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, दाराजवळच्या बाकावर बसतात. डॉक्टरांनी बोलावलेलं नाही, पगार नाही. तिथे त्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणतात. नव्या नर्सबाईंना तर महिनाभर ते खरंच विभागाचे कर्मचारी वाटत होते.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या लेकीची मुलगी दोन महिने आधी जन्मली तेव्हा. वजन तेराशे चाळीस ग्रॅम. बाळ काचेच्या पेटीत, आणि बाहेर आम्ही अकरा नातेवाईक. सरासरी बासष्ट किलो धरले तर सहाशे ब्याऐंशी किलो माणसं सव्वा किलोच्या जिवासाठी दार अडवून उभी होती. मास्तर बाकावरून उठले. “चला, आतमधी सरका! दारात कोन बी थांबू नका. आई बसंल, बाप बसंल, एक आज्जी बसंल. बाकीच्यायनी मागची गाडी धरा!” माझे दोन मेहुणे खरोखरच खाली जाऊन अंबडच्या गाडीत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, अठराशे ग्रॅम झाले आणि दूध नीट ओढायला लागली की घरी. मास्तरांनी लगेच खिशातून जुना तिकिटं टोचायचा पंच काढला, वहीच्या पानाचा तुकडा फाडला आणि त्यावर लिहिलं: शहागड १३४०, वडीगोद्री १५००, अंबड १६५०, जालना १८००. शहागडला भोक पाडलं आणि तुकडा माझ्या हातात दिला. “जपून ठेवा, पाहुणे. तिकीट पॅसिंजरजवळच राहतं. कंडक्टरनं ठेवायचं नसतं.” मी म्हणालो, शहागड-वडीगोद्री अंतर सगळ्यात कमी आणि ग्रॅम मात्र सगळ्यात जास्त, हे प्रमाणात बसत नाही. ते म्हणाले, “पहिला टप्पा हाय. इंजन गरम व्हायला टाइम लागतो.”

पण गाडी पुढे जायच्या ऐवजी मागेच जायला लागली. रोज वीस ग्रॅम कमी. चौथ्या दिवशी बाराशे साठ. मी बाकावर बसून वहीत भागाकार केला: याच वेगाने त्रेसष्ट दिवसांत नात शून्य ग्रॅमवर येईल. हा हिशेब मी कुणालाच दाखवणार नव्हतो, पण मास्तरांनी वही ओढून घेतली. “पाहुणे, स्टँडातून गाडी काढताना डायवर आधी काय करतो?” “काय करतो?” “रिव्हर्स घेतो. मंग गाडी रोडला लागती. तुम्ही काय रिव्हर्सवरूनच हिशोब लावून राह्यले?” डॉक्टरांनी हेच सकाळी शास्त्रशुद्ध समजावलं होतं: सुरुवातीला वजन उतरतं. मला ते मास्तरांकडून कळलं.

नियमांना मात्र ते भलतेच कडक. दर दोन तासांनी, दूध काढायची वेळ झाली की, “दोनची लागली, आयांनो, जल्दी!” अशी हाक. हात न धुता दाराशी जाणारा त्यांच्या लेखी विनातिकीट. एकदा माझ्या विहीणबाईंनी पदराआड मधाची बाटली आणली होती. मास्तरांनी ती चालीवरून ओळखली. “आज्जी, हे सामान गाडीत बिलकुल चालत न्हाई.” “अहो, आमच्याकडं रीत हाय, बोटभर चाटवायचं.” “रीत तुमच्या घरी. इथं आईचं दूध, आन ते बी डाक्टर सांगतील तेवढंच.” बाटली बाकाखाली जप्त झाली. विहीणबाई दोन दिवस बोलल्या नाहीत; तिसऱ्या दिवशी त्याच दुसऱ्या एका आजीची पिशवी तपासताना दिसल्या.

बाळाला उघड्या छातीशी धरायचं, ऊब मिळते, असं नर्सबाईंनी सांगितल्यावर आमचे जावई लाजेने लाल झाले. शर्ट काढेनात. मास्तर म्हणाले, “जावईबापू, हाफ तिकीट मांडीवर बसतं, बराबर? मंग हे तर पाव तिकीट. ते छातीवरच बसनार!” जावई बसले आणि उठायला तयार होईनात. दुसऱ्या दिवसापासून लेक आणि जावई यांच्यात पाळीवरून भांडणं सुरू झाली.

वडीगोद्रीचं भोक पडलं. मग सोळाशे चाळीसवर काटा अडला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. अंबड दहा ग्रॅमवर, आणि गाडी हलेना. त्यात नातीला थोडा ताप आला. मी पंक्चरबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून मास्तरांकडे पाहिलं, तर ते पंच नुसता उघडत होते आणि मिटत होते. म्हणाले, “समदे पोचतात असं न्हाई, पाहुणे.” त्या दिवशी त्यांनी एकदाही हाक दिली नाही. पाचव्या दिवशी नर्सबाईंनी दारातून सांगितलं, “सोळाशे पासष्ट.” मास्तरांनी तिकीट टोचलं ते चुकून दोनदा.

अठराशे दहाला आम्ही निघालो. त्यांनी बाकाच्या लोखंडी दांडीवर पंच आपटला, टण् टण्. डबल बेल. बारशाचं आमंत्रण मी तिथेच दिलं. “न्हाई जमायचं,” ते म्हणाले. “उतरलेल्या पॅसिंजरच्या घरी कंडक्टर जातो काय?” खरोखरच आले नाहीत. एकशे बारा पानं वाढली, एक रिकामंच राहिलं.

आता नात चौदा महिन्यांची आहे. परवा साडूच्या हाती मी मास्तरांना एक चिठ्ठी पाठवली: ‘नऊ किलो दोनशे.’ टोचून परत पाठवा, म्हणजे जुन्या तिकिटाला जोडून ठेवीन, असंही सांगितलं होतं. चिठ्ठी परत आली नाही. साडूला विचारलं, तर म्हणाला, “दादानं टोचली, आन घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.”

मी पुन्हा मागितली नाही.