आक्काचं गार हवेचं यंत्र

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, शाळेत उत्तरपत्रिका तपासत होते. हृदयविकाराचा झटका... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. रडणं झालं. मग कळंबला, तिच्या सासरी, दहाव्याच्या दिवशी, त्या रडण्याचा संताप झाला. माणसं एकामागून एक उठून बोलत होती. शालनबाई अन्नपूर्णा होत्या, कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही, नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या... माझ्या थोरल्या बहिणीबद्दल एवढंच?

इंदापुरात दाजींचं फ्रीजदुरुस्तीचं दुकान. पाटीवर नाव त्यांचं, गिऱ्हाइकांशी बोलणंही त्यांचंच. आतल्या खोलीत बसून फ्रीज खोलून दुरुस्त करायची ती आक्का. वीस वर्षं.

आमच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा आक्कानं तिला कळंबच्या आपल्या घरी आणलं. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पत्र्याखाली आई भाजून निघत होती, पाठीला फोड आले होते. मुंबईच्या चुलतभावानं त्याच्याकडचं एक यंत्र आणून दिलं, पावसाळ्यात घरातला दमटपणा शोषून घेणारं. "यातनं गार हवा येते," म्हणाला. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ते लावलं आणि खोली आणखीच तापली. "भंगारात घाल," दाजी म्हणाले. आक्कानं स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"ही गार जाळी, हिच्या मागं ही तापलेली," सुट्टीत तिथं गेलेल्या मला ती दाखवत होती. "एकच पंखा दोन्हीतनं हवा वढतुय. गार करतंय आन् लगीच तापवतंय. तापलेली तेवढी भाईर काढायची."

गॅसची तांब्याची नळी न तोडता, अंगठ्यानं हळूहळू वाकवत तिनं गरम जाळी खिडकीबाहेर वळवली. मध्ये पत्रा उभा केला, फटी थर्माकोलनं बुजवल्या, बाहेरच्या जाळीला वेगळा पंखा जोडला. तीन दुपारी गेल्या. खोलीचं काही महाबळेश्वर झालं नाही. पण खाटेपाशी गार वारा आला आणि कित्येक दिवसांनी आई दुपारची झोपली.

गावभर झालं ते दाजींचं कौतुक. मोबाइलवर बातम्या करणारा एकजण आला, त्यानं दाजींना यंत्रापाशी उभं केलं आणि हातात पाना असलेल्या आक्काला म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा, मधी येताय." दाजी हसत बोलत राहिले. आक्का चहा टाकायला गेली. मी तिथंच होते... मीही गप्प बसले. नंतर विचारलं तर म्हणाली, "आईला झोप लागली न्हवं? मग बास."

मला बास नव्हतं. दहाव्याला मी उठले आणि हे सगळं भरल्या मांडवात सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "बाई, ही येळ हाय का?" दाजी खाली मान घालून बसले होते. मान वर न करताच बोलले, "खरं हाय. मी त्याला पाना बी लावला न्हाय. सगळं शालननं केलं."

"हे ती असताना बोलायचं होतं, दाजी," मी म्हणाले.

गेल्या रविवारी आईला बघायला कळंबला गेले होते, तेव्हा यंत्र घरघरायला लागलं, म्हणून मी झाकण काढलं. आतल्या बाजूला मार्करनं तिचं गोल अक्षर: 'नळीला हात लावू नये. पंखा महिन्याला पुसणे. शालन.' जो उघडेल त्यालाच दिसेल, अशा जागी तिनं नाव लिहून ठेवलं होतं.

मी पंखा पुसला. मग झाकण उलटं करून, आतली बाजू बाहेर ठेवून, चारही स्क्रू घट्ट आवळले.