कॉलरखालचा फोड

बिब्बा तापल्याचा वास आला, की बंगळूरची आमची गल्ली आठवते. मी कॉलेजात होतो. माझ्यासकट पाच जणांच्या मानेवर खाजरे फोड उठले, आणि गल्लीने धोबीणअक्काकडे कपडे टाकणंच बंद केलं. म्हणे, तिला महारोग! मी संतापून 'बहिष्कार हा अन्याय' अशी पत्रकं वाटली. तिच्या दारातही भाषण ठोकू लागलो, तर ती म्हणाली, "पुरे अण्णा, स्वल्प वाक." माझी कॉलर उलटून तिने कुणाचा कपडा ते ओळखायला बिब्ब्याच्या रसाने घातलेली काळी खूण दाखवली. "फोड बरोबर हिच्याखाली आहे. हीच चावते. पण मला विचारलं कुणी?" मीही विचारलं नव्हतं. मग घरोघर जाऊन मी लोकांच्या कॉलरी उलटल्या. संध्याकाळी गठ्ठे परत आले. ती आता बिब्ब्याऐवजी लाल दोऱ्याने खुणा घालत बसली. मानेवर माझ्या अजून पुसट डाग आहे. तो मी खुशाल दाखवतो.