नव्या इंजेक्टरवरचा शेंदूर

रत्नागिरीतल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मला मच्छीमार बोटीवरून काढलेले जुने इंजेक्टर रंग मारून नवे म्हणून विकले. फसवणारा तो, फसलेली मी. यात गैरसमज वगैरे काही नाही. हे लिहायचं कारण एवढंच, की तो आता गिऱ्हाइकांना उलटंच सांगत सुटलाय. बाईने घरच्या घरी ट्रक उघडला, वाट लावली आणि आता माझ्यावर ढकलते, असं म्हणतो.

ट्रक माझा आहे. नवऱ्याचा नाही, सासऱ्यांचा नाही. माझं माहेर दाभोळचं, मासेमारीतलं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सासरी थोडी भातशेती होती आणि नवरा मुंबईत दुसऱ्याचा ट्रक चालवत होता. मी टोपली घेऊन मासे विकले. मग चिरे पुरवायचं काम धरलं. जांभ्याच्या खाणीवर चिरे भरायचे आणि ज्याचं घर उठतंय त्याच्या दारात नेऊन उतरवायचे. ट्रक भाड्याचा असायचा आणि ट्रकवाले ऐन कामाच्या दिवशी मला नडायचे. म्हणून एक जुना ट्रक विकतच घेतला. घेताना एवढी घासाघीस केली की शेवटी मालक हात जोडून म्हणाला, "वहिनी, ट्रक घेऊन जा. पण आमच्या हिच्याशी ओळख वाढवू नका, ती शिकेल."

ट्रक आला आणि नवरा मुंबई सोडून घरी आला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आम्ही दोघं रोज सकाळी ओट्यावर बसून बरोबर चहा प्यायला लागलो. बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. ज्यांचा माणूस फक्त गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो त्यांना वाटेल.

मुंबईचा त्याचा जुना शेठ मात्र अधूनमधून फोन करायचा. माणूस वाईट नव्हता, ड्रायव्हर चांगला हातचा गेला याचं त्याला दुःख होतं. आणि नेमका आमचा ट्रक धूर ओकायला लागला तेव्हाच त्याचा फोन आला. सोमवारपर्यंत ये, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो, मग परत विचारायला येऊ नको. नवऱ्याने "बघतो" म्हटलं. नाही म्हटलं नाही. ते "बघतो" माझ्या कानात बसलं.

ट्रकचं झालं होतं असं, की भरलेली गाडी खाणीच्या चढावर दम टाकायची. मागे काळा धूर, आवाजात अडखळ. नवऱ्याने इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाइपाचं नट सैल करून पाहिलं. धड सिलिंडरचं नट सैल केलं की इंजिन लंगडतं. आमच्याकडे काहींचं सैल केलं तरी इंजिनाला पत्ता नव्हता. म्हणजे तिथे डिझेल नीट जळतच नव्हतं. सिलिंडरात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले होते. गॅरेजवाला म्हणाला, पंधरा दिवस तरी गाडीला हात लावायला सवड नाही. मी म्हटलं, आपण घरीच बदलू. नवऱ्याने मुंबईत मिस्त्रीच्या हाताखाली हे काम केलेलं होतं आणि मला तेलात हात घालायची किळस कधीच नव्हती.

दुकानदाराकडे मीच गेले. नवरा भाव करायला गेला की दुकानदाराच्या मुलाबाळांची चौकशी करून परत येतो.

"शेठ, भाव बोला."

"वहिनी, तुम्हाला काय भाव सांगायचा? तुम्ही म्हणाल तो."

"मग फुकट म्हणते."

"असं काय करता? कंपनीचा माल आहे. पॅकिंग बघा."

"पॅकिंग बसवायचंय काय इंजिनात?"

एकेक डबा उघडायला लावला. तेलकट कागदात गुंडाळलेला इंजेक्टर, टोकाला प्लॅस्टिकची टोपी, वर चकचकीत चंदेरी रंग. त्याने आईची शपथ घेतली, मी भाव आणखी खाली मागितला. तो नाही म्हणाला, मी पायरी उतरले. पायरी उतरली की मागून हाक येते हे मला मासळीबाजारात कळलंय. तिथे हाक मारणारी मी असायचे. हाक आली. तांब्याचे वॉशर वरून फुकट काढून घेतले आणि निघाले. लोक म्हणतात, नीट बघून घ्यायचं होतं. मी बघूनच घेतले. रंगाच्या आतलं बघायला माझे डोळे काय क्ष-किरणाचे आहेत?

चिऱ्याच्या ट्रकाला लाल धूळ सगळीकडे असते आणि डिझेलच्या कामात धुळीचा कण म्हणजे शत्रू. म्हणून आम्ही आधी घरापुढच्या खळ्यात पाणी मारलं, माती बसवली. वाऱ्याच्या बाजूला मी माझी जुनी साडी ओली करून आडवी बांधली. इंजेक्टरच्या भोवतीची जागा ब्रशने आणि डिझेलने धुतली. पाइप सोडताना अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. जुने इंजेक्टर काढल्यावर खाली तांब्याचा वॉशर चिकटून राहतो. तो राहिला आणि त्यावर दुसरा बसला तर कॉम्प्रेशन गळतं. मी वाकडी तार घालून एकेक वॉशर ओढून काढला, बॅटरी मारून भोकात पाहिलं, काढलेले वॉशर ताटात ओळीने मांडले.

"मोजतेस काय? मासे आहेत काय?" नवरा म्हणाला.

"माशाला लपायला भोक नसतं. तुम्ही पाना द्या."

नवे बसवले, बेतानं आवळले. मग पाइपातली हवा काढली. नवरा इंजिनावरचा छोटा हातपंप मारत होता, मी सैल नटांकडे बघत होते. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. नटं आवळली. नवऱ्याने स्टार्टर मारला, इंजिन लागलं, आणि माझ्या तोंडावर हसू येतंय न येतंय तोच सगळा ट्रक थरथरायला लागला. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज, आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. शेजारीण खिडकी लावून घेताना ओरडली, "काय गो, डास मारतेस काय?"

नवऱ्याने इंजिन बंद केलं. हात पुसत म्हणाला, "इंजेक्टर नवे आहेत. म्हणजे त्यांना डिझेल देणारा पंप गेला."

पंप म्हणजे मोठं काम. ट्रक पावसाळ्यापर्यंत उभा. तो घरात गेला, माळ्यावरून बॅग काढली, झटकली.

"ती वर ठेवा."

"अगं, नुसती साफ करतोय."

"मला शिकवू नका. मुंबईची बॅग नुसती साफ करायला कोणी काढत नाही. आधी या बाहेर. पंप गेला हे मला दिसू दे, मग कपडे मीच भरून देते."

नव्यातला एक इंजेक्टर काढून आम्ही त्याच्याच पाइपाला बाहेरच्या बाहेर लावला, तोंड कुंपणाच्या गडग्याकडे. त्या फवाऱ्यासमोर हात नेत नाहीत, चामडी फोडून डिझेल आत जातं, म्हणून मी लांब उभी राहिले. नवऱ्याने स्टार्टर फिरवला. चांगला इंजेक्टर धुक्यासारखा फवारा मारतो. याने बुळबुळीत धार सोडली आणि मग नुसता थेंब थेंब ठिबकला. दुसरा लावला, तोच प्रकार. गाडीच्या जुन्यातला त्यातल्या त्यात बरा होता तो लावून पाहिला. त्याने थोडं का होईना धुकं केलं.

"पंप दाब देतोय," मी म्हटलं. "हेच गळके आहेत."

"नवेकोरे गळके कसे असतील?"

मी तो इंजेक्टर फडक्याने पुसत होते. डिझेलने आणि उष्णतेने चंदेरी रंगाचा पापुद्रा सुटला होता. आटे संपतात तिथल्या खाचेत आतून नारिंगी काहीतरी दिसलं.

"गंज," नवरा म्हणाला.

मी नखाने खरवडलं, बोटावर चोळलं. गंज नव्हता. तो शेंदूर होता.

नवऱ्याचं घर शेतीतलं, त्याला कळायचं कारण नाही. ट्रकाची पूजा सगळेच करतात, पण ती चाकाला, स्टिअरिंगला, बॉनेटला. आमच्या माहेरी बोट पाण्यात ढकलायच्या आधी घरातली बाई इंजिनाच्या प्रत्येक इंजेक्टरला शेंदराचं बोट लावते. एकदा वडलांची बोट भर समुद्रात एक इंजेक्टर बंद पडल्यामुळे वाऱ्यावर भरकटली होती, तेव्हापासून आईने एकही सोडला नाही. इतर घरांतही लावतात. मी लहानपणी आईच्या मागे शेंदराची वाटी धरून उभी राहायची. बोटीत आणि आमच्या ट्रकात इंजिन एकाच जातीचं असतं. मी दुसऱ्या इंजेक्टरचा रंग खरवडला, तिसऱ्याचा खरवडला. कुठे शेंदूर, कुठे आट्यांत खाऱ्या पाण्याची हिरवी-पांढरी पुटं.

दाभोळला धाकट्या भावाला फोन लावला. तो बोटीवर तांडेल आहे, बोट तोच नेतो.

"अरे, तुझ्या बोटीवर जादा इंजेक्टर आहेत ना?"

"बोट घेतलीस काय गो ताई?"

"बोटीचे इंजेक्टर घेतले. ट्रकात बसवले."

सगळं सांगितल्यावर तो एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग ट्रक धक्क्यावर आण, बर्फ भरून देतो."

"हसून झालं की सांग. तुझा भावजी बॅग घेऊन उभा आहे."

मग त्याचं हसू थांबलं. जाळी दुरुस्तीला असल्यामुळे बोट किनाऱ्यालाच होती. दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकल दोन खाड्यांच्या फेरीबोटींत घालून दुपारपर्यंत आमच्या खळ्यात हजर झाला. समुद्रात मिस्त्री भेटत नाही म्हणून प्रत्येक बोट इंजेक्टरांचा एक जादा संच बाळगते. तो संच त्याने पिशवीतून काढला. "याला अजून शेंदूर लागलेला नाही, तपासून घे. तुझे आले की परत दे." मी दाखवलेले चंदेरी इंजेक्टर त्याने हातात फिरवून बघितले. झिजलेले इंजेक्टर धक्क्यावर भंगारात जातात, हे त्याला माहीत होतं. ते रंगून, डब्यात बसून परत गिऱ्हाइकाकडे जातात हे त्यालाही नवीन होतं.

साडी पुन्हा ओली केली. पुन्हा धुणं, वॉशर, पाइप, हवा. या वेळी स्टार्टर मारला तेव्हा इंजिन एका आवाजात लागलं. धूर आला आणि विरला. भाऊ कान देऊन म्हणाला, "ताई, ही तर भरतीला निघाल्यासारखी बोलतेय."

आम्ही तिघंही केबिनमध्ये बसलो आणि तशीच गाडी खाणीवर नेली, भरली. चढावर नवऱ्याने गिअर खाली टाकला. गाडी ओढत गेली. वर सपाटीला आल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली, मुंबईला फोन लावला आणि म्हणाला, "शेठ, नाही जमायचं. घरची गाडी आहे." घरची नाही, माझी, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण राहू दे म्हटलं. ऐकायला बरं वाटत होतं.

हे सगळं चांगलं झालं. म्हणून दुकानदार सुटला असं नाही. मी ते इंजेक्टर फडक्यात बांधून त्याच्या काउंटरवर ठेवले, गिऱ्हाइकांदेखत.

"गाडी घरी उघडलीत वहिनी, आता माझी जबाबदारी नाही."

"आणि हा शेंदूर?"

"तुम्हीच लावला असेल. पूजा करता ना तुम्ही लोक."

"पूजा रंगाच्या आतून करतात काय, शेठ?"

गिऱ्हाइकं हसली. तो दुसऱ्याला फॅन बेल्ट दाखवायला वळला आणि मग वळलेलाच राहिला.

तर शेठ, आता चारचौघांत विचारते. हे इंजेक्टर कुणाकडून घेतलेत? रंग कुणी मारला, डबे कुठून आणले? असले आणखी कुणाकुणाच्या गाड्यांत बसवलेत, त्यातला एखादा भरला ट्रक घेऊन घाटात अडकला तर मागच्या गाड्यांना काय सांगणार? मला भाऊ होता. ज्याला नाही, त्याच्या घरातला माणूस तुमच्यामुळे बॅग उचलून गेला असेल, त्याला कोण परत आणणार? पाठ फिरवू नका. उत्तर द्या.